डिजिटल ग्रंथालयाच्या कामात नव्याने येताय? सुरुवात कुठून करायची, शिकायचं काय, संशोधन कशावर करायचं

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश तुम्ही कधी ना कधी इंटरनेटवर उघडला असेल. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साऊथ एशिया लायब्ररी’ने हे कोश शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. आपण शब्द टाकतो, अर्थ वाचतो, पुढे जातो. पण मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती फोनच्या पडद्यावर येण्याआधी कोणीतरी ती पानं संगणकात उतरवून घेतली, मूळ शब्द कुठे संपतो आणि अर्थ कुठे सुरू होतो याच्या खुणा केल्या, देवनागरी नीट दिसेल याची तजवीज केली. यंत्रणा बदलल्या तरी पान उघडत राहील, हेही कोणीतरी पाहतंय. डिजिटल ग्रंथालयाचं काम ते हेच.

बी.लिब., एम.लिब. झालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कुठला कोर्स करू?’ असाच असतो. माझ्या मते कोर्सचा नंबर तिसरा. आधी स्वतःच्या हाताने एक छोटं काम करावं, त्यात जिथे अडेल तिथलं वाचावं, आणि मग कोर्स निवडावा. उलट्या क्रमाने गेलं की प्रमाणपत्रांची फाईल जाड होते आणि मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय उभं केलंय?’ या प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

आधी एक गल्लत दूर करा

ग्रंथालयाचं संगणकीकरण आणि डिजिटल ग्रंथालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोहा, सोल, ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअर दाखल नोंदी, तालिका आणि इश्यू-रिटर्न सांभाळतात. पुस्तक कपाटात आहे की कोणी नेलंय, एवढं ती सांगतात. डिजिटल ग्रंथालय मजकूरच वाचकाच्या हातात देतं: स्कॅन केलेलं पान, प्रबंध, छायाचित्र, ध्वनिमुद्रण. त्यासाठी डीस्पेस, ग्रीनस्टोन, ओमेका अशी वेगळी सॉफ्टवेअर लागतात. डीस्पेस एमआयटी आणि एचपी यांनी मिळून २००२ साली खुलं केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं ‘शोधगंगा’, जिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, ते डीस्पेसवरच चालतं. ‘मला कोहा येतं, म्हणजे डिजिटल लायब्ररी येते’ असं मुलाखतीत म्हणू नका. समोरचा माणूस जाणकार असेल तर मुलाखत तिथेच संपते.

क्षेत्रातली कामं ढोबळमानाने चार तऱ्हेची: स्कॅनिंग आणि त्याची तपासणी, मेटाडेटा म्हणजे प्रत्येक वस्तूची तपशीलवार नोंद, यंत्रणा उभारणं आणि चालवणं, आणि दीर्घकालीन जतन. नव्या माणसाला बहुधा पहिलं काम मिळतं, तेही कंत्राटी, पानांच्या हिशोबाने. वर्षभर ते केलेलं वाईट नाही, हात बसतो. मात्र तपासणीच्या टेबलावर बसायची संधी आली की सोडू नका. तिरकं आलेलं पान, सुटलेलं पान, दोनदा आलेलं पान, शिवणीत गेलेली ओळ हे सगळं तिथे दिसतं आणि बिघाड कुठून सुरू होतो ते कळतं.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नलांची देशपातळीवर एकच वर्गणी, मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. परदेशी जर्नलांची वर्गणी भरणं, तिचा पाठपुरावा करणं हा विद्यापीठ ग्रंथपालाच्या कामाचा मोठा भाग होता, तो यापुढे कमी होत जाईल. उरतं ते स्वतःच्या संस्थेतलं साहित्य: प्रबंध, अहवाल, जुनी मासिकं, हस्तलिखितं. ते दुसरं कोणी डिजिटल करून देणार नाही. पुढची काही वर्षं मागणी इथेच राहील असा माझा अंदाज आहे.

पहिली पायरी: पन्नास-शंभर पानांचा संग्रह

गावातल्या किंवा पेठेतल्या वाचनालयात जा. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांतली काही शंभरी ओलांडलेली आहेत. कपाटातली जुनी कादंबरी मागू नका. वाचनालयाचे स्वतःचे वार्षिक अहवाल, व्याख्यानमालांच्या पत्रिका, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मागा. एक तर हा मजकूर दुसरीकडे कुठेच नसतो. दुसरं म्हणजे अहवाल वाचनालयाने स्वतः काढलेले असल्याने परवानगीचा प्रश्न सोपा होतो. ती परवानगी अध्यक्ष किंवा कार्यवाहांच्या सहीने लेखी घ्या. स्मरणिकेत बाहेरच्या लेखकांचे लेख असतील तर ते तूर्त बाजूला ठेवा.

सरावासाठी साधा फ्लॅटबेड स्कॅनर चालेल. स्टँडवर बसवलेला फोनही चालेल. पिवळी पडलेली, कडा मोडणारी पानं काचेवर दाबू नका आणि बाइंडिंग कापून पानं सुटी करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ३०० डीपीआय, रंगीत, टिफ फाईल ही मूळ प्रत. ए-फोर आकाराचं एक पान असं घेतलं की पंचवीस-सव्वीस एमबी होतं. दोनशे पानांना पाच जीबीच्या आसपास. हा गुणाकार आधी करा, कारण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात साठवणुकीचा खर्च विसरला जातो आणि मग कोणीतरी मूळ टिफ पुसून फक्त पीडीएफ ठेवतं. पीडीएफ वाचकासाठी असते, टिफ पुढच्या पिढीसाठी.

फाईलला मराठी नाव देऊ नका, मोकळी जागाही सोडू नका. दाखल क्रमांक, अधोरेषा, चार अंकी पानक्रमांक एवढं पुरे, आणि सगळे अंक इंग्रजी. चार अंकी अशासाठी की नुसतं १, २, ३ लिहिलं तर कित्येक यंत्रणा १ नंतर १०, ११ लावतात आणि २ मागे पडतो. छापील पानक्रमांक आणि फाईलचा क्रमांक जुळणार नाहीत, कारण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेला छापील आकडा नसतो. ही जुळणी वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवा.

मग प्रत्येक अहवालाची नोंद करा. सुरुवातीला डब्लिन कोअरचे पंधरा रकाने पुरतात. हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं आहे. १९९५ साली तिथल्या कार्यशाळेत ही रकान्यांची यादी ठरायला सुरुवात झाली. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. वाचायला सोपं वाटतं, पण पहिल्याच अहवालाला गाडी अडते. मुखपृष्ठावर ‘शके १८५२’ छापलेलं असतं. दिनांकाच्या रकान्यात तेच टाकलं तर यंत्र त्या अहवालाला १८५७च्या उठावाच्याही मागे नेऊन बसवतं. शक वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून ७८ मिळवले की १९३०, आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवून १९३१. दिनांकाच्या रकान्यात इसवी सन आणि टिपेच्या रकान्यात छापलंय तसंच, असं दोन्ही ठेवा. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर फसली सन भेटतो, तिथेही हीच शिस्त.

नावांचंही तसंच. ना. सी. फडके, नारायण सीताराम फडके, फडके ना. सी., शिवाय रोमन लिपीतली दोन-तीन रूपं. माणूस एक, नोंदी पाच. एक रूप प्रमाण ठरवायचं, बाकीची त्याला जोडायची आणि जमेल तिथे विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातला किंवा व्हायफ या लेखकनामांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला क्रमांक द्यायचा. वर्गात ‘अथॉरिटी कंट्रोल’ म्हणून पाठ केलेलं असतं, ते इथे कामाला येतं.

हे सगळं ओमेकावर चढवा. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्राने ते तयार केलं, साध्या होस्टिंगवर चालतं. डीस्पेस पहिल्याच प्रयत्नात स्वतःच्या लॅपटॉपवर बसवायला जाऊ नका. जावा, पोस्टग्रेस, सोलर आणि नोड ही त्याला लागणारी सॉफ्टवेअर जुळवण्यात रात्री जातील आणि ग्रंथालयाचं काम बाजूला राहील. डीस्पेसचं चाचणी संकेतस्थळ सगळ्यांना खुलं असतं. तिथे नोंदी टाकून, नियम बदलून पाहा. तिथला मजकूर ठरावीक काळाने पुसला जातो, हे मात्र विसरू नका.

मराठीची खास दुखणी

या क्षेत्रातली इंग्रजी पाठ्यपुस्तकं ज्याच्याजवळ फिरकत नाहीत आणि तुमची खरी किंमत जिथे ठरते, तो हा भाग.

‘ॲसिड’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ॲ’ एकच अक्षर म्हणून टाकता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही टाकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रणालीत, आला २००८ साली, त्यामुळे जुन्या मजकुरात दुसरी पद्धत भरपूर सापडते. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या र चंही तसंच: एका पद्धतीत ‘ऱ’ला हलन्त, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्डागणिक पद्धत बदलते. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत. परिणाम असा की नोंद संग्रहात असते आणि शोधल्यावर ‘शून्य निकाल’ येतो. तुमच्या संग्रहात शोध लावण्याआधी हे पर्याय एका रूपात आणायचा नियम लिहून ठेवा.

त्याच्या मागे जुन्या फाँटचा काळ आहे. श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. मराठीतले काही जुने प्रबंध उघडून मजकूर निवडून पाहा, लगेच कळेल. पीडीएफ आहे, दिसते सुंदर, पण तिच्यात शोधता एक शब्द येत नाही.

मग ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं. २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून बरंच बरं वाचतं. पण १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक दिलंत तर ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘मुलें’ यांवरचे अनुस्वार कधी उचलतं, कधी कागदावरचा डागच अनुस्वार समजतं. आणि ते अगदी बिनचूक वाचलं तरी आजचा वाचक ‘काही’ असं टाकणार आणि ‘कांहीं’ त्याला सापडणार नाही. मूळ मजकूर बदलायचा नाही, शोधाच्या थरात दोन्ही रूपं जोडायची. विभक्तीचा घोळ आणखी वेगळा. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ मिळायला हवं. डीस्पेस ज्या सोलरवर शोध चालवतं, त्याच्या मूळ संचात हिंदी, बंगाली, तमिळसाठी शब्दरूपांवरची प्रक्रिया तयार मिळते, मराठीसाठी वेगळी मिळत नाही.

हे सगळं कमी खर्चात शिकायचं उत्तम ठिकाण म्हणजे मराठी विकिस्रोत. तिथे स्कॅन केलेलं पान एका बाजूला, ओसीआरचा मजकूर दुसऱ्या बाजूला. तपासलं नसेल तर पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्या माणसाने पडताळलं की हिरवं. महिनाभर रोज दोन-चार पानं तपासा. ओसीआर कुठे चुकतं याची नजर तयार होते, ती कुठल्या व्याख्यानाने येत नाही.

हक्कांची बाजू

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०३० पर्यंत थांबा. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. अनुवादकाचा, चित्रकाराचा, प्रस्तावना लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, तो तपासल्याशिवाय पुस्तक मुक्त म्हणू नका.

२०१२च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये एक सोय झाली: ज्या पुस्तकाची छापील प्रत आपल्याकडे आधीच आहे, त्याची डिजिटल प्रत ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ठेवता येते. जतनासाठी. ती सगळ्या जगाला उघडून द्यायची परवानगी यात नाही. हा फरक वाचनालयाच्या कार्यकारिणीला समजावून सांगायची वेळ तुमच्यावर हमखास येईल, तेव्हा कलमाची छापील प्रत सोबत न्या.

हत्यारं कोणत्या क्रमाने शिकायची

पहिलं ओपनरिफाईन, हे नोंदी साफ करायचं सॉफ्टवेअर. एकाच लेखकाच्या पाच नोंदी, एकाच प्रकाशकाची सात स्पेलिंगं ते शेजारी आणून ठेवतं आणि तुम्ही एका झटक्यात एक करता. मग एक्सएमएल वाचता येण्याइतपत ओळख, कमांड लाईन, थोडं एसक्यूएल. पायथन शेवटी, आणि तेही स्वतःचा एखादा कंटाळवाणा तक्ता समोर ठेवून. ‘लायब्ररी कारपेंट्री’चे धडे ग्रंथपालांसाठीच लिहिलेले आहेत, मोफत आहेत आणि याच गोष्टी शिकवतात. इंग्रजी सोपं आहे. त्यापुढे ओएआय-पीएमएच म्हणजे एका संग्रहाच्या नोंदी दुसऱ्याने कशा उचलायच्या ते समजून घ्या. आयआयटी खरगपूरच्या नॅशनल डिजिटल लायब्ररीसारख्या ठिकाणी देशभरातल्या संस्थांच्या नोंदी एकत्र दिसतात, त्यामागची कल्पना तिथे कळते.

जतनासाठी आधी तीन सवयी. प्रत्येक फाईलचं चेकसम काढून ठेवा, तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. चेकसम म्हणजे फाईलवरून काढलेली एक लांबलचक संख्या. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी संख्या बदलते, त्यामुळे वर्षभराने ती पुन्हा काढून जुळवली की फाईल सडली की नाही ते समजतं. ‘डिजिटल प्रिझर्व्हेशन कोअलिशन’चं हँडबुक इंटरनेटवर मोफत आहे. पुण्यातल्या सी-डॅकने डिजिटल जतनावर बरंच काम केलंय, त्यांच्या कार्यशाळेची जाहिरात दिसली तर जा.

पदवी, नेट-सेट आणि पैसे

विद्यापीठात सहायक ग्रंथपाल किंवा महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर ५५ टक्क्यांसह एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये आपल्या विषयाचा क्रमांक ५९. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. अभ्यासासाठी ई-पीजी पाठशाळेवरचे ग्रंथालयशास्त्राचे धडे पुरेसे आहेत, महागड्या क्लासची गरज मला तरी दिसलेली नाही.

तांत्रिक बाजू पक्की करायची असेल तर बंगळूरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधलं डीआरटीसी बघा. रंगनाथन यांनी १९६२ साली सुरू केलेल्या या केंद्रात दोन वर्षांचा एम.एस. अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षा अवघड, पण विद्यावेतन मिळतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इग्नूचा ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगचा पदव्युत्तर डिप्लोमा सोयीचा. आठवड्याभराच्या ऑनलाईन ‘सर्टिफिकेट कोर्सां’ची लाट आहे. ज्या कोर्सात शेवटी स्वतः काही बांधून दाखवावं लागत नाही, त्याला पैसे देऊ नका.

पीएच.डी.साठी जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. न मिळाल्यास महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती, विशेष मागासवर्गासाठी महाज्योती यांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. जागा आणि तारखा वर्षागणिक बदलतात, कागदपत्रं मात्र तीच लागतात: जातीचा दाखला, वैधता, पीएच.डी.ची नोंदणी. ती आधीच गोळा करून ठेवा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा.

संशोधनाचा विषय

‘अमुक तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ई-संसाधनांचा वापर: एक अभ्यास’ हा विषय कृपा करून घेऊ नका. प्रश्नावली वाटायची, टक्के काढायचे, रकाने रंगवायचे आणि ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ असा निष्कर्ष काढायचा. शोधगंगावर अशा प्रबंधांची रांग लागली आहे. तालुका बदलल्याने संशोधन होत नाही.

वर सांगितलेला छोटा संग्रह केला असेल तर विषय तुमच्या हातातच असतो. १९६२ आधीची वीस पानं आणि नंतरची वीस पानं घ्या, टेसरॅक्टला द्या, हाताने तपासलेल्या मजकुराशी ताडून दर शंभर अक्षरांमागे किती चुका ते मोजा, आणि चुका कोणत्या जातीच्या ते लिहा. अनुस्वाराच्या किती, जोडाक्षरांच्या किती, दंड आणि पूर्णविरामाच्या किती. एवढ्यावर एक प्रामाणिक शोधनिबंध उभा राहतो. किंवा: मराठी प्रबंधांच्या नोंदींत शीर्षक देवनागरीत किती, रोमनमध्ये किती, आणि त्यामुळे शोधात काय सुटतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली पुष्कळ मराठी पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यांची शीर्षकं आणि लेखकांची नावं अशी काही रोमनमध्ये उतरली आहेत की पुस्तक समोर असून ओळखू येत नाही. ती दुरुस्त करायची पद्धत बसवणं हाच एक विषय आहे.

मोडी येत असेल तर तुम्ही फार थोड्यांपैकी आहात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण दप्तरांतला बहुतेक मजकूर अजून चित्ररूपातच आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ साली मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली. अशा प्रणाल्यांना तपासलेला नमुना मजकूर हवा असतो आणि तो मोडी वाचणारा माणूसच देऊ शकतो. गोव्यात पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२पर्यंत मागे जाते. पोर्तुगीज काळातल्या बहुभाषी नियतकालिकांच्या नोंदी कशा कराव्यात, हा तिथला प्रश्न कोणी मराठी-कोंकणी-पोर्तुगीज जाणणाऱ्याने हाती घ्यायला हवा.

निधीसाठी दोन-तीन दारं. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’ २००४पासून धोक्यात असलेल्या संग्रहांच्या डिजिटायझेशनला पैसे देतो. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत आणि डिजिटल प्रत स्थानिक संस्थेकडेही राहते. आधुनिक काळातल्या साहित्यासाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तशाच धर्तीचा कार्यक्रम आहे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचं आणि जतनाचं उद्दिष्ट ठेवून. नवख्याने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा संग्रह असलेली संस्था शोधावी. भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईची एशियाटिक सोसायटी ही सगळ्यांना ठाऊक आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणचे मठ, संस्थानी दप्तरखाने आणि शंभर वर्षं जुनी वाचनालयं तितकी ठाऊक नाहीत, तिथे तुमची जास्त गरज आहे. अर्जात पानांची मोजणी, साठवणुकीचा हिशोब आणि लेखी परवानगी जोडलेली असली की परीक्षक पुढचं वाचतात.

परिषदा आणि लेखन

इन्फ्लिबनेटची कॅलिबर परिषद सुरुवातीला उत्तम. तिथले जुने निबंध इन्फ्लिबनेटच्या संग्रहात वाचायला मिळतात, ते आधी चाळा म्हणजे काय होऊन गेलंय ते कळेल. आंतरराष्ट्रीय पातळीवर आशियासाठी आयकॅडल ही डिजिटल ग्रंथालयांची परिषद, जी २००१ आणि २०१३ साली बंगळूरला झाली होती. जेसीडीएलमध्ये पीएच.डी. करणाऱ्यांसाठी वेगळं सत्र असतं. डिजिटल जतनासाठी आयप्रेस. प्रवासाचा खर्च पेलत नसेल तर निबंध वाचा आणि लेखकाला मुद्देसूद ईमेल लिहा, उत्तरं येतात. मुंबईत विज्ञान ग्रंथपालांची बोसला ही संघटना आहे, तिच्या सभांना जा. सदस्यत्वाची पावती बायोडेटात लावण्यापुरती कुठलीच संघटना धरू नका.

लिहायचं असेल तर डीआरडीओच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं ‘जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ आणि ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ ही दोन्ही भारतीय, दोन्ही खुली. हाताने केलेल्या कामाबद्दल सांगायचं तर ‘कोडफोरलिब जर्नल’. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ साली बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता तुमची. ‘आठ दिवसांत प्रकाशन, शुल्क अमुक’ असं व्हॉट्सॲपवर आलं की समजून जा. संपादक मंडळातल्या दोघांना सरळ ईमेल करून ‘आपण खरंच या मंडळावर आहात का?’ असं विचारायला काही हरकत नाही.

निबंध पाठवण्याआधी ओर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक काढा, फुकट मिळतो. नाव देताना मधलं नाव आणि आडनाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांना याचा विशेष उपयोग, जुने-नवे लेख एकाच माणसाच्या नावावर राहतात. आणि तपासलेली चाळीस पानं, चित्रं आणि मजकूर दोन्ही, झेनोडोवर ठेवा. ही सेवा सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते आणि प्रत्येक संचाला मोफत डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, देते. वर्णनात कोणतं पुस्तक, कोणती आवृत्ती, कुठल्या वाचनालयाची प्रत, ऱ्य आणि ॲ कुठल्या पद्धतीने टंकलेत, शंका आली तिथे काय केलं, एवढं लिहा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका, तो रिकामा सोडलेले संच मराठीच्या शोधात सापडत नाहीत.